जमा बाजू

२००६ चा सप्टेंबर. साताऱ्यात पोवई नाक्यावर युनायटेड वेस्टर्न बँकेच्या मुख्य कार्यालयाबाहेर माणसं उभी होती. रिझर्व्ह बँकेने २ तारखेला बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले होते. मी बी.कॉम. भाग-२ ला होते, कॉलेजातून खोलीवर परतत होते. धोतर-टोपीतल्या एका आजोबांनी मला हाताने थांबवलं. पासबुक त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. "पोरी, शिकल्याली दिसतीस. ह्यातला शेवटचा आकडा वाच की." मी वाचला. त्यांनी बँकेच्या दाराकडे बोट केलं. "मग ते हाईत न्हवं आत?"

मला उत्तर देता आलं नाही. अकाउंटन्सीचा पेपर माझा पहिल्या वर्षापासून राहिलेला होता. परीक्षेपुरता बँकेचा ताळेबंद मी पाठ केला होता, डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे घोकलं होतं. पण माणसाने भरलेले पैसे आत असतात का, नसतील तर कुठे असतात, हे मला खरोखर माहीत नव्हतं. मी "असतील, आजोबा" एवढंच म्हटलं आणि निघाले. ते "असतील" माझ्या मनात फार वर्षं राहिलं.

त्या लोकांचे पैसे सुखरूप राहिले. ३ ऑक्टोबरला ती बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. पण बँक गेली ती गेलीच. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली आणि १९३६ मध्ये ही बँक. पुढच्याच एप्रिलमध्ये, २००७ ला, १९१६ सालची सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. आमच्या भागातल्या कॉमर्सच्या मुलांनी आपल्याच गावात मुख्य कार्यालय असलेल्या ज्या बँकांकडे बघून कॉलेजात नाव घातलं, त्यातल्या दोन मोठ्या बँका आठ महिन्यांत नकाशावरून गेल्या. याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. २००८ मध्ये मी ४४ टक्क्यांनी बी.कॉम. झाले, तेव्हा कळला.

४४ टक्क्यांबद्दल आधी नीट सांगते. माझं माहेर माण तालुक्यातलं, पाऊस कमी पडणारा भाग. मी साताऱ्यात आत्याकडे राहायचे, संध्याकाळी एका कापडाच्या दुकानात बिलं करायचे. अभ्यासाला वेळ कमी मिळायचा हे खरं. पण माझ्याच वर्गात माझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतल्या दोन मुली ६५ च्या पुढे गेल्या, हेही खरं. माझे गुण कमी आले कारण मला विषय समजला नव्हता. 'जे येतं ते नावे, जे जातं ते जमा' हे सूत्र मला तोंडपाठ होतं. मग मी बँकेत पैसे भरले की पासबुकात 'जमा' का लिहितात? बँकेत तर पैसे आले. मी हा प्रश्न कुणाला विचारला नाही, कारण तो विचारण्याइतकाही माझा स्वतःवर विश्वास नव्हता. कमी गुण मिळालेल्यांना आज मी हे आवर्जून सांगते. मार्कलिस्टवर चिडण्याआधी त्यातला कोणता आकडा खरा होता ते शोधा. माझा अकाउंटन्सीचा आकडा खरा होता.

नोकरीच्या जाहिराती मी कापून वहीत चिकटवायचे. बहुतेकांत टक्केवारीची अट असायची. एकदा एका खाजगी बँकेच्या मुलाखतीसाठी पुण्याला गेले. पहाटेची एसटी, आत्याने दिलेली पोळी-भाजी, उसनी पर्स. तिथल्या मुलाने फाइल उघडली, टक्केवारीवर नजर टाकली आणि फाइल बंद करून माझ्या हातात दिली. उद्धटपणे नाही, अगदी सौजन्याने. "मॅडम, साठचा कटऑफ आहे." येताना कात्रज घाटात मी खिडकीकडे तोंड करून रडले. माझा राग त्या मुलावर नव्हता. पुढे काय करायचं ते मला दिसत नव्हतं, याचं रडू होतं.

दुकानाच्या मालकांनी वाट दाखवली. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट यायचा. तो गाव सोडून जाणार होता. "तू करशील का? पण रोज फिरावं लागेल, पाऊस असो ऊन असो." पदवी त्यांना नको होती, दोन जामीनदार आणि थोडी अनामत हवी होती. आत्याने अनामत भरली. जमवलेल्या रकमेवर शेकडा तीन रुपये कमिशन.

पिग्मी, म्हणजे दारात जाऊन रोज थोडी थोडी ठेव गोळा करणं, ही कल्पना मूळची आपल्या भागातली नाही. सिंडिकेट बँकेचे डॉ. टी. एम. ए. पै यांनी १९२८ मध्ये उडुपीकडे ती सुरू केली, दिवसाला दोन आण्यांपासून. ज्याच्या हाती पैसा रोज येतो आणि रोज जातो त्याला बँकेत जायला सवड नसते, म्हणून बँकेने त्याच्या दारात जायचं. साताऱ्या-सांगलीत ती इतकी रुजली की बाजारपेठेत 'पिग्मीवाला' हा पोस्टमनसारखाच ओळखीचा माणूस. मी 'पिग्मीवाल्या ताई' झाले. राजवाड्यापासून मोती चौक, खणआळी, पाचशे एक पाटी अशी माझी रोजची फेरी. दीडशेच्या वर खाती. कुणी दहा रुपये, कुणी पन्नास, सराफाच्या दुकानात पाचशे.

तीन वर्षं मी ते काम केलं आणि माझं खरं शिक्षण तिथे झालं. कुणाचा गल्ला कोणत्या वारी भरतो, कुणाचा कोरडा पडतो, हे पायांना कळायला लागलं. वह्या-पुस्तकांच्या दुकानाची पिग्मी जूनमध्ये तिप्पट व्हायची. चहावाल्याची ऐन पावसाळ्यात वाढायची. एक भाजीवाली मावशी रोज वीस रुपये द्यायची, पण सोमवारी "उद्या ये गं" म्हणायची. महिन्याभराने कळलं की तिने एकाकडून पैसे उचलले होते. सकाळी हातात नऊशे, संध्याकाळी परत एक हजार. शंभर रुपये व्याज, तेही एका दिवसाचं, म्हणजे दिवसाला अकरा टक्क्यांच्या वर! कॉलेजात मी व्याजाची गणितं सोडवली होती, पण व्याजाने माणसाचा चेहरा कसा होतो ते पाहिलं नव्हतं.

संस्थेत संध्याकाळी भरणा करायचा. तिथे एक बँकेतून निवृत्त झालेले काका हिशेब बघायला यायचे. हातात लाल पेन, कपाळावर चष्मा. एके दिवशी माझ्या भरण्यात तीस रुपये कमी आले. मी माझ्या पाकिटातून घालायला निघाले. काका म्हणाले, "थांब. तीस रुपयांसाठी पाकीट उघडायचं नाही, वही उघडायची." दीड तासाने सापडलं. एका पावतीवर ५० लिहिले होते आणि यादीत ८०. त्या रात्री मी धीर करून त्यांना तो जुना प्रश्न विचारला. काका, पैसे आत आले तरी 'जमा' का?

त्यांनी किर्द माझ्यासमोर सरकवली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. "ह्यात रोकडीचं नाव कुठे दिसतंय का तुला? माणसांची नावं आहेत. किर्दीत आपण पैशाबद्दल लिहीत नाही बाई, माणसाबद्दल लिहितो. त्या मावशीने वीस रुपये दिले. आता संस्था तिचं वीस रुपये देणं लागते. म्हणून तिच्या नावाला जमा. ज्याला कर्ज दिलं तो संस्थेचं देणं लागतो, म्हणून त्याच्या नावे." मग पासबुकाकडे बोट करून म्हणाले, "आणि हे काय आहे? आपल्या खतावणीतलं तिचं पान. आपली वही आहे ही, तिची नाही. तिने स्वतःची वही लिहिली तर ती आपल्या नावे लिहील."

मला हसू आलं आणि घसाही दाटला. पाच वर्षं मी एकच वाक्य उलट्या बाजूने वाचत होते. ठेव ही बँकेची संपत्ती नाही, बँकेचं कर्ज आहे. पोवई नाक्यावरच्या आजोबांचे पैसे 'आत' नव्हते, बँक त्यांचं देणं लागत होती, आणि ते देणं फेडता येईल की नाही हे बँकेने ज्यांना पैसे दिले त्या माणसांवर अवलंबून होतं. सगळा ताळेबंद एका रात्रीत उलगडला असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर मी पाठ करणं सोडलं. काकांनी मला व्याज तोंडी काढायला लावलं. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५००. पन्नास हजार, तेरा टक्के, सत्तेचाळीस दिवस : ८३७ रुपये. पहिले काही महिने कॅल्क्युलेटर टेबलाच्या खणात बंद.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट मनात बसली, आणि ती माझी झोप घालवणारी होती. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं कवच नसतं. ते बँकांना असतं, सहकारी बँकांनाही. तेव्हा एक लाखापर्यंत, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत. मी ज्यांच्याकडून रोज वीस-वीस रुपये गोळा करत होते त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि मलाही तोवर ठाऊक नव्हतं. मावशीच्या वीस रुपयांमागे होता तो फक्त संस्थेचा शहाणपणा, आणि त्यातला थोडा माझाही. त्या दिवसापासून मी कुणी विचारलं तर खरं सांगत आले. त्यामुळे दोन खाती बंद झाली. झाली तर झाली.

आमच्या माणात म्हसवडच्या बायकांची गोष्ट घरोघर माहीत आहे, आणि कमी गुणांचा विषय निघाला की मला तीच आधी आठवते. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे थोडे पैसे साठवायचे तर बँक खातं उघडेना. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. बायका खचल्या नाहीत. रात्रीचे वर्ग लावून अक्षरं गिरवली, काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, तुम्ही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय काढू द्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या बायकांकडे टक्केवारी तर सोडाच, शाळेचा दाखलाही नव्हता. पण त्यांनी अक्षरओळख नाही हे लपवलं नाही, ते भरून काढलं. आणि जे येत होतं ते टेबलावर ठेवलं. हे दोन्ही केलं, यात मला त्यांचं मोठेपण वाटतं. नुसतं "आम्हाला व्यवहारज्ञान आहे" म्हणत बसल्या असत्या तर बँक झाली नसती.

मी २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षं आयबीपीएसची क्लार्कची परीक्षा दिली. नाही झाली. इंग्रजीने अडवलं आणि घड्याळाने. तोवर संस्थेने मला काउंटरवर घेतलं होतं. काकांनी जी.डी.सी. अँड ए. चा फॉर्म आणून दिला. महाराष्ट्राच्या सहकार खात्याची ही पदविका, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बसता येतं, पदवीला किती टक्के होते हे कुणी विचारत नाही. हिशेब, लेखापरीक्षण, सहकार कायदा. कलम ८१ म्हणजे लेखापरीक्षण, कलम १०१ म्हणजे वसुलीचा दाखला, हे मी काउंटरवर रोज बघत होते, त्यामुळे पुस्तकातली कलमं ओळखीची माणसं भेटावीत तशी भेटली. पहिल्या खेपेला एक विषय राहिला. दुसऱ्या खेपेला, २०१४ ला, सगळे सुटले. तोवर लग्न होऊन मी सांगलीला आले होते. त्या पदविकेवर आणि काउंटरच्या अनुभवावर मला इथल्या एका नागरी सहकारी बँकेत कर्ज विभागात घेतलं. मुलाखतीत संचालकांनी मार्कलिस्ट पाहिली. "बी.कॉम.ला फारच कमी आहेत हो." मी म्हटलं, "हो साहेब, अकाउंटन्सी मला तेव्हा समजली नव्हती. आता विचारा." त्यांनी तासभर विचारलं.

कमी गुणांची मुलं मला नोकरीची दारं विचारतात म्हणून इथे सांगून टाकते. आज आयबीपीएसच्या क्लार्क आणि पीओच्या परीक्षेला पदवी पुरते, टक्क्यांची अट नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी ला खुल्या गटात पदवीला साठ किंवा पदव्युत्तर पदवीला पंचावन्न टक्के लागतात, तिथे डोकं आपटू नये. म्युच्युअल फंड वितरकाची एनआयएसएमची परीक्षा शंभर गुणांची, पन्नासला पास. सहकारात शिरायचं तर जी.डी.सी. अँड ए. आहेच. दारं आहेत. ती शहरातल्या काचेच्या इमारतीच्या पुढच्या बाजूला नाहीत, इतकंच. आणि आत गेल्यावर पहिली काही वर्षं पगार इतका कमी असतो की घरच्यांच्या आधाराशिवाय टिकणं अवघड. माझ्या मागे आत्या होती. हे न सांगता मी यशाची गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल.

सांगलीने मला पैशाचं पंचांग शिकवलं. मार्केट यार्डात हळदीचा सौदा, तासगावकडे बेदाणा, कारखान्याकडून उसाचं बिल. प्रत्येकाचा पैसा वेगळ्या महिन्यात येतो. माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. एका द्राक्ष बागायतदाराला मी मासिक हप्त्याच्या कर्जाची शिफारस केली, कारण छापील फॉर्ममध्ये तसा रकाना होता. त्याचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघणार, बेदाणा शीतगृहात जाऊन भाव बघून विकला जाणार, आणि मी ऑगस्टमध्ये त्याच्याकडे हप्ता मागत होते. तिसऱ्याच महिन्यात खातं थकलं. तो माणूस लबाड नव्हता. पिग्मीच्या दिवसांत मी जे पायाने शिकले होते ते खुर्चीवर बसल्यावर विसरले, म्हणून तो थकबाकीदार ठरला. हप्ते बदलून घ्यायला मला चार महिने लागले. त्याची सही घेताना मी त्याची माफी मागितली. अजूनही नवीन अर्ज आला की मी आधी विचारते, तुमच्या हातात पैसा कोणत्या महिन्यात येतो?

मग २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेला महापूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक पाण्याखाली. पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी गणपती पेठेतले एक मसाल्याचे व्यापारी माझ्यासमोर येऊन बसले. दुकानातला माल गेला होता. त्याहून वाईट म्हणजे वह्या गेल्या होत्या. प्लास्टिकच्या टबात त्यांनी त्या आणल्या होत्या, राखाडी लगद्यासारख्या. पाने सुटी होत नव्हती. "मॅडम, माझी विक्री किती होती हे मी कशावरून दाखवू?"

कर्जाला उत्पन्नाचा पुरावा लागतो. मी बराच वेळ त्या टबाकडे बघत बसले. मग आठवलं की आमचा एजंट त्यांच्याकडे सहा वर्षं जात होता. संगणकावर त्यांचं पिग्मीचं खातं काढलं. रोज दोनशे, दिवाळीच्या आधी पाचशे, उन्हाळ्यात चटण्या-मसाल्याच्या दिवसांत सातशे. मधेच सलग दोन महिने शून्य. "तेव्हा काय झालं होतं?" "मंडळींचं ऑपरेशन." बरोबर होतं. सहा वर्षांच्या नोंदींवरून मी त्यांच्या गल्ल्याचा अंदाज बांधला, महिन्यामागून महिना, आणि कर्ज समितीसमोर ठेवला. एक संचालक म्हणाले, पिग्मीवरून उत्पन्न धरता येतं का? मी म्हटलं, "साहेब, वही माणूस स्वतः लिहितो. हे पान आपण लिहिलंय, त्याच्या दारात जाऊन, रोज." तीन लाख मंजूर झाले. त्या आठवड्यात मी असे अकरा प्रस्ताव केले, त्यातले नऊ मंजूर झाले. जे दोन झाले नाहीत त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

आता मी शाखा सांभाळते. महिन्यातून एकदा, शक्यतो शनिवारी, नवीन एजंटबरोबर फिरते. गेल्या खेपेला एक पोरगा होता, बी.कॉम.ला त्रेचाळीस टक्के, हातात पिग्मीचं मशीन. शिवाजी मंडईत एका भाजीवाल्या मावशीकडे थांबलो. तिने पन्नास रुपये दिले. मशीनमधून चिठ्ठी बाहेर यायच्या आधीच ती म्हणाली, "सहा हजार चारशे झालं." चिठ्ठीवर तेवढेच होते. तिला अक्षर येत नाही. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, हे बँकेत हाईत न्हवं सगळं?"

पोरगा "हो हो, आहेत" म्हणणार होता. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "नाही मावशी. बँक तुमचं देणं लागते, आणि त्यातले पाच लाखांपर्यंत विम्याखाली आहेत. पण पैसे पेटीत नाहीत. ते आम्ही दुसऱ्यांना कर्जाने दिलेत. त्यातले तीन तर ह्याच मंडईतले आहेत. त्यांनी फेडले की तुमचे तुम्हाला मिळतात."

तिने क्षणभर विचार केला, चिठ्ठी कमरेच्या पिशवीत खोचली. "मग त्येंच्याकडं नीट बघत जावा," ती म्हणाली, आणि मेथीच्या जुड्यांवर पाणी मारायला वळली.